सासूच्या डोक्यावरचा फ्लॅट

अंजनाबाईंनी जसा फ्लॅट पाहिला, तसा पाहताना मी दुसरं कुणी बघितलेलं नाही. लोक नळ सोडून बघतात, खिडकी उघडून वारा येतो का ते बघतात, शेजारी कोण राहतं ते विचारतात. अंजनाबाईंनी पिशवीतून लोखंडी बत्ता काढला, स्वयंपाकघराच्या फरशीवर तीनदा आपटला आणि मला सांगितलं, "बाई, खाली जाऊन ऐका बरं कसं लागतंय ते."

मी गेले. तळमजल्याच्या बंद दारासमोर खुळ्यासारखी उभी राहिले. वरून ठण ठण ठण आलं आणि दाराआडून एक म्हातारा आवाज खेकसला, "कोण कुटतंय गं वर?" मी वर येऊन सांगितलं, तेव्हा अंजनाबाईंचा चेहरा असा उजळला की मलाही हसू आलं. खाली खेकसणारी ती सोनीबाई, त्यांची सासू. हे २००४ सालातलं.

आम्ही दोघी तळेघरच्या बाजूला एका आश्रमशाळेत होतो. मी मराठी शिकवायची, अंजनाबाई दीडशे पोरांचा स्वयंपाक करायच्या. संध्याकाळची एकुलती एसटी चुकली की आम्ही दोघी चालत यायचो, आणि चालता चालताच मला त्यांचं सगळं कळलं. माहेर राजुरीचं, सासर कळंबचं. लग्नाला दहा वर्षं झाली तरी मूल नाही, म्हणून नव्वद साली नवऱ्याने, हौशीरामने, साधना नावाची दुसरी बायको केली. त्याच आठवड्यात सोनीबाईने अंजनाबाईंना राजुरीच्या गाडीत बसवून दिलं. चार दिवस राहून ये, मग न्यायला मूळ पाठवते, म्हणाली. सासरचं माणूस न्यायला आल्याशिवाय सुनेने आपल्या पायाने परत जायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. अंजनाबाई दोन वर्षं भावाच्या घरी रस्त्याकडे बघत बसल्या. मूळ आलंच नाही. हाकललं असतं तर त्या भांडल्या तरी असत्या. रीतच पुढे करून बाहेर काढलं, त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही. ऐकताना माझ्याच हाताच्या मुठी वळायच्या.

पुढे शाळेचा स्वयंपाक कंत्राटदाराकडे जायचं ठरलं आणि अंजनाबाईंना शाळेने दिलेली गावातली खोली सोडायची नोटीस आली. भाऊ जानकू म्हणाला, राजुरीला ये. पण भावजयीच्या घरात म्हातारपण काढायचं त्यांच्या मनात नव्हतं. फंडाचे पैसे आणि मोडलेला एक दागिना एवढ्यात मंचरला लहानसा फ्लॅट बसत होता. एकच बसत होता, आणि तो चुकला तर दुसरा घ्यायला पुढे काही नव्हतं. म्हणून मी सोबत गेले.

मला विचाराल तर पहिलाच घ्यायला हवा होता. एसटी स्टँडच्या मागे, दोन खोल्या, सकाळचं ऊन थेट ओट्यावर. रोज तासभर पाणी. समोरच्या दारात एक रिटायर नर्सबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी न विचारता आम्हाला चहा दिला, दवाखाना कुठे, पिठाची गिरणी कुठे, रात्री-अपरात्री कुणाचं दार वाजवायचं ते सगळं सांगितलं. अंजनाबाई चहा पिऊन म्हणाल्या, "जागा लई चांगली हाये." आणि उठल्या.

दुसरा मार्केट यार्डाच्या बाजूला. सकाळपासून ट्रक मागे घेणाऱ्यांची आरडाओरड, जिन्यात सडक्या कांद्याचा वास. पाणी एक दिवसाआड. दुपारी पश्चिमेच्या उन्हाने भिंत तव्यासारखी तापायची. जिना इतका अरुंद की कपाट चढलं नसतं. पण कळंबची रस्त्याकडेची जमीन विकून हौशीरामने त्याच इमारतीत तळमजला घेतला होता, आणि वरचा फ्लॅट रिकामा होता. अंजनाबाईंना हे वर्षभर आधीपासून माहीत होतं.

त्यांनी बिल्डरच्या माणसाला विचारलं, खालच्यांचं देवघर कुठं येतं? त्याला वाटलं, बाई सोवळ्याची आहे. तो घाईने म्हणाला, काकू, काळजी करू नका, तुमचा संडास त्यांच्या देवघरावर येत नाही. अंजनाबाई हिरमुसल्या. मग म्हातारी कुठल्या खोलीत निजते ते विचारलं. ती खोली बरोबर स्वयंपाकघराखाली निघाली, तेव्हा कुठे बत्ता पिशवीतून बाहेर आला.

परतीच्या गाडीत मी पुष्कळ बोलले. पाण्याचं बोलले, उन्हाचं बोलले, त्या नर्सबाईंचं बोलले. अख्खं आयुष्य त्या लोकांनी खाल्लं, आता म्हातारपण कशाला त्यांच्या ताटात वाढता, असंही म्हणाले. घोडेगाव आलं तेव्हा अंजनाबाई एवढंच बोलल्या, "बाई, तिनं रोज सकाळी डोळे उघडल्यावर पयला माझा पाय ऐकावा. मला दुसरं काय बी नको."

खरं सांगते, आतून मला ते पटलं होतं.

हौशीरामला बातमी लागली. त्याने बिल्डरच्या माणसाकडे जाऊन, तिला जागा देऊ नका, म्हणून सांगितलं. त्या माणसाने ते अंजनाबाईंना जसंच्या तसं कळवलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी इसार दिला.

वैशाखात वास्तुशांत धरली. एकट्या बाईला पूजेला बसता येत नाही, म्हणून जानकू आणि त्याची बायको राजुरीहून आले. अंजनाबाई पहाटेपासून पुरणाला लागल्या होत्या. माणसं पंचवीस, पण स्वयंपाक शंभराचा. सवयच तशी. इमारतीत सगळ्यांना आमंत्रण होतं, खालच्यांना सोडून. पुरणाचा वास जिन्याने खाली जावा म्हणून त्यांनी दार सताड उघडं ठेवलं होतं.

नऊ वाजता गुरुजी संकल्प सांगायला बसले आणि खालून रडणं ऐकू आलं. आधी एका बाईचं, मग बऱ्याच जणांचं. जिन्यात पळापळ झाली. कुणीतरी वर येऊन सांगितलं, सोनीबाई गेली. सकाळी चहा घेतला आणि मान टाकली.

गुरुजींनी हात थांबवला. सगळे अंजनाबाईंकडे बघायला लागले. त्या पोळी लाटत होत्या, लाटणं थांबलं. तेवढ्यात दारात हौशीराम आला. पायात चप्पल नाही, डोळे लाल. चौदा वर्षांत ती दोघं इतक्या जवळ उभी राहिली नव्हती. तो आधी जानकूला म्हणाला, हे आता थांबवा. जानकूने बहिणीकडे बघितलं. मग तो तिच्याकडे वळला.

"तू त्या घरची थोरली सून हायेस," तो म्हणाला. "तुलाबी सुतक लागतंय. खाली चल. कळंबची सगळी भावकी येईल आता."

मला वाटलं, जिंकली बाई. हेच एक वाक्य ऐकण्यासाठी तिने चांगली जागा लाथाडली होती, आणि ते त्याने पंचवीस माणसांत म्हटलं होतं. आता ती पदर डोक्यावर घेईल, खाली जाऊन म्हातारीच्या उशाशी थोरलीच्या जागेवर बसेल आणि साधनाला बाजूला सरकावं लागेल. यापेक्षा मोठा सूड कुठला?

अंजनाबाईंनी हाताचं पीठ झटकलं.

"हौशीराम," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नाही. मी त्यांच्या तोंडून ते कधीच ऐकलं नव्हतं, कायम 'कळंबकर'. जानकूच्या बायकोच्या हातातली पळी खाली पडली.

"हौशीराम, मला तुझ्या घरचं सुतक न्हाई. खाली जा, मयताजवळ बस."

तो उभाच राहिला. कुणी मारलं असतं तर तो सावरला असता, पण याचं काय करावं ते त्याला कळेना. मग उतरला. अंजनाबाईंनी गुरुजींना पुढे सांगायला लावलं आणि पोळी तव्यावर टाकली.

दुपारी खालून तिरडी निघाली, तेव्हा वर पंगत बसली होती. बऱ्याच जणांनी ताटाला हात लावला नाही, आणि नंतरही त्या इमारतीत कुणी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला आलं नाही. मी मात्र जेवले. मला अजून त्याची लाज वाटत नाही.

सगळे गेल्यावर अंजनाबाई स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या आणि रडायला लागल्या. मी पाठीवर हात ठेवला, म्हटलं, शेवटी सासूच होती, वाईट वाटणारच. त्यांनी माझा हात झिडकारला.

"वाईट कसलं वाटतंय, बाई? चार म्हैने तरी थांबायची व्हती थेरडी. ह्या घरात माझी एक रात बी झाली न्हाई आन ती सुटली. आता मी कुणाच्या डोक्यावर राहू?"