सुमित्राने बूट काढले

पाचव्यांदा तेच झालं. कावेरी बास्केटच्या अगदी खाली एकटी उभी होती. तिला अडवायला समोर चिटपाखरू नव्हतं. चेंडू उचलायचा आणि जाळीत टाकायचा, एवढंच काम. पण बाईसाहेबांनी मान वळवली आणि चेंडू मागे सुमित्राला दिला. सुमित्राला दोघींनी घेरलेलं होतं. चेंडू गेला.

मी बाकावरून ओरडले, "कावेरी, शूट!" माझा आवाज कब्बन पार्कपर्यंत गेला असेल, पण कावेरीपर्यंत गेला नाही.

ही एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. बंगलोरच्या एका मुलींच्या कॉलेजात मी बास्केटबॉलची कोच होते. सामना आंतरकॉलेज सेमीफायनलचा होता. तो आम्ही कसाबसा, दोन पॉइंटनी जिंकलो. मुली नाचत हॉस्टेलला गेल्या आणि मी डोकं धरून बसले. फायनलला आमच्यासमोर येणाऱ्या टीमची कोच प्रेक्षकांत बसून वहीत काहीतरी लिहीत होती. तिला काय दिसलं असणार, ते मला पक्कं ठाऊक होतं.

सुमित्रा आमची कॅप्टन. बेळगावकडची, शेवटच्या वर्षाची, अंगाने उंच आणि डोक्याने शांत. बाकी चौघी जुनिअर. तिकडे मोठ्या मुलीला नावाने हाक मारत नाहीत, 'अक्का' म्हणतात. मेसमध्ये अक्कांची पानं वाढल्याशिवाय जुनिअर बसत नसत. अक्का उभी असेल तर खुर्ची रिकामी करत. तेच कोर्टावर आलं होतं. अक्का असताना आपण कसं शूट करायचं? चेंडू आधी अक्काला. आता खरं सांगते, मला ही शिस्त फार आवडायची. 'चेंडू सुमित्राला द्या' असं दोन वर्षं मीच घोकून घेतलं होतं. एकीला दोघींनी घेरायचं याला आम्ही 'डबल टीम' म्हणतो. सुमित्राला डबल टीम केलं की आमचा सगळा खेळच बंद पडणार होता.

फायनलला आठवडा होता. मी फर्मान काढलं, "कोर्टावर अक्का म्हणायचं नाही. नावाने हाक मारायची."

"सरी, मिस," चौघी म्हणाल्या. म्हणजे कन्नडात, बरं. पण नाव घ्यायला कुणाची जीभ वळेना. अक्काही म्हणता येईना. मग त्या गप्पच झाल्या. चेंडू पाठमोऱ्या मुलींच्या पाठीवर आदळू लागले.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षा लावली. जी सुमित्राला पास देईल, तिने ग्राउंडला एक फेरी मारायची. चौघींनी पास दिले आणि हसत हसत फेऱ्या मारल्या. कावेरीने एकटीने नऊ मारल्या. ती कूर्गच्या डोंगरातली, तिला दम लागायचाच नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्या संध्याकाळी सुमित्रा माझ्याकडे आली. "मॅडम, मला बाहेर बसवा की. मी आत असले की त्या मलाच देणार. मी नसले तर टाकतील की जाळीत."

"वेडी आहेस का? फायनलला सिलेक्टर येणार आहेत."

त्याचा अर्थ आम्हा दोघींनाही माहीत होता. सुमित्राला मद्रासला जाऊन खेळाच्या शिक्षिकेचा कोर्स करायचा होता. तिचे वडील सरकारी कारखान्यात फोरमन होते. त्यांनी अट घातली होती, राज्याच्या टीममध्ये नाव आलं तर मद्रास, नाहीतर जूनपासून टायपिंगचा क्लास. आणि सिलेक्टर मंडळी कागदावर पॉइंट मोजत. बाकावर बसलेल्या मुलीला कोण निवडणार? मी तिला साफ नाही म्हटलं.

फायनलला व्हायचं तेच झालं. पहिल्या मिनिटापासून सुमित्रावर डबल टीम. हाफटाइमला आम्ही आठ पॉइंटनी मागे. सुमित्राचे फक्त चार. सिलेक्टरांच्या मागच्या रांगेत तिचे वडील हाताची घडी घालून बसले होते.

मुली घोळक्याने पाणी पीत होत्या. काय करायला हवं, ते मला कळत होतं आणि करायची छाती होत नव्हती. सुमित्राने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती बाकावर बसली, कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट काढून बाकाखाली सरकवले.

"चला, उशीर होतोय," ती जुनिअरांना म्हणाली. मी बदली खेळाडू आत पाठवली. मला दुसरं काही सुचलंच नाही.

पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ. कावेरी चेंडू हातात घेऊन बाकाकडे बघायची. सुमित्रा मुद्दाम मान खाली घालायची. तिसऱ्या वेळी मात्र ती उठून ओरडली, "हाकु, कावेरी!" म्हणजे टाक. कावेरीने टाकला. गेला! मग पुन्हा टाकला. मग बाकीच्यांनाही चेव आला. सुमित्रा अनवाणी, रेषेच्या कडेने धावत, कुणी कुठे जायचं ते सांगत होती. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही एका पॉइंटने मागे होतो.

"आता बूट घाल," मी म्हटलं, "आणि हे मी सांगतेय."

ती आत गेली. दोघी लगेच तिच्या अंगावर धावल्या. शेवटचे काही सेकंद, अजून तोच एक पॉइंट मागे. चेंडू कावेरीकडे. दोघींना चकवून सुमित्रा मोकळी झाली आणि तिने हात वर केले. कावेरीने तिच्याकडे पाहिलं, पास दिला नाही आणि स्वतःच शूट केलं.

चेंडू रिंगवर दोनदा उडाला आणि आत पडला. आम्ही एका पॉइंटने जिंकलो. सुमित्राने कावेरीला उचलून गरगर फिरवलं. इतका निखळ आनंद मी दुसऱ्या कुठल्या कॅप्टनच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

अर्ध्या तासाने राज्याच्या टीमची यादी लागली. कावेरीचं नाव होतं. सुमित्राचं नव्हतं.

मी तिच्या वडिलांकडे गेले. "चूक माझी आहे," मी म्हटलं. "तिला बाहेर बसवून बाकीच्यांना मी आठवडाभर आधी, सरावातच खेळवायला हवं होतं. ते आज तिला स्वतः करावं लागलं."

"पोरगी अर्धा खेळ बाहेर होती की हो, मॅडम," ते म्हणाले. "ती तिथं करत काय होती?"

"माझं काम," मी म्हटलं.

त्यांनी हाताची घडी सोडली. "त्या मद्रासच्या कोर्सात हेच शिकवतात?"

"हो. हेच."

"मग फॉर्म कुठं मिळतो तेवढं सांगा."

मला रडू आलं. कोचने चारचौघांत रडू नये म्हणतात, पण मी रडले.

सुमित्रा मद्रासला गेली आणि पुढे तिने माझ्यापेक्षा चांगल्या टीम तयार केल्या. मी मात्र त्यानंतर नोकरीत होते तोवर दर मॅचला कॅप्टनला दहा मिनिटं बाहेर बसवत असे. बहुतेकजणी रुसायच्या. रुसू दे. टीम कॅप्टनची आहे की पाचजणींची, हे तेवढ्या दहा मिनिटांतच कळतं.