कंदील नको, बॅटरी घे

नववीला इंग्रजी शिकवताना 'पिटफॉल' हा शब्द आला की मी फळ्यावर खड्डा काढायचो. वर फांद्या, पालापाचोळा आणि शेजारी एक भोळं रानडुक्कर. पहिला अर्थ हा: जनावर धरायला खणलेला, वरून झाकलेला खड्डा. दुसरा अर्थ लाक्षणिक: वरवर न दिसणारा धोका. पोरं डुकराला हसायची, मीही हसायचो. वीस वर्षं तेच डुक्कर काढलं. गेल्या वर्षीपासून काढत नाही.

आमचं शेत धामणगाव बढ्याच्या वाटेवर आहे. शेतात जुनी विहीर. बोअर घेतल्यावर तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, दोन-तीन वर्षं तशीच पडून होती. उन्हाळ्यात बोअरनं दगा दिला तेव्हा मोठा भाऊ म्हणाला, "मास्तर, रविवारी ये. विहिरीतला गाळ पाहू." शेती तोच करायचा. मी पगारी माणूस, सुटीच्या दिवशी बांधावर उभं राहून अक्कल शिकवणारा.

रविवारी सकाळी विहिरीवर आम्ही दोघंच होतो. उतरायच्या आधी तो थबकला. "बाबा पयले कंदील सोडत," म्हणाला.

खरंच सोडायचे. पडीक विहिरीत कुणी उतरणार असलं की वडील पेटता कंदील दोराला बांधून तळापर्यंत सोडायचे आणि वाकून बराच वेळ बघत राहायचे. काय बघता म्हणून विचारलं की एकच उत्तर, "खाली कसं हाय ते." आम्हाला वाटायचं विहीर बघतात. ते ज्योत बघायचे, जळते की विझते. एवढं साधं आम्हा दोघा शहाण्यांना कधी कळलं नाही, आणि त्यांनीही कधी फोड करून सांगितलं नाही.

"कंदिलात टाकाले रॉकेल कुठं भेटते आता?" मी म्हणालो. "ही बॅटरी घे. दहा कंदिलांचा उजेड हाय हिचा." माझ्याच हातानं ती दोराला बांधून सोडली. तळ लख्ख दिसला. गाळ, फुटकी बादली, कुणाची तरी एक चप्पल. बॅटरी कशाला विझते! "साफ हाय दादा, उतर."

"मास्तर म्हणते त हाव," तो हसला आणि लोखंडी पायऱ्यांवरून खाली गेला. कमरेला दोर बांध, एवढंही मला सुचलं नाही.

तळाला पोचून तो वाकला. मग गुडघ्यांवर बसला. मला वाटलं, चप्पल उचलतोय. "काऊन बसला बे?" मी चेष्टेनं ओरडलो. त्यानं वर पाहिलं नाही. हळूच एका कुशीवर कलंडला. बॅटरी चालूच होती, त्यामुळे मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

मी बोंबलत दोन पायऱ्या उतरलो तेवढ्यात शेजारच्या शेतातला म्हातारा धावत आला आणि त्यानं माझी कॉलर धरली. "उतरू नको! खाली हवा नाही!" त्यानं बादलीत चिंधी पेटवून खाली सोडली. अर्ध्यावर विझली. गळ घेऊन माणसं जमली, त्याला वर काढलं. मोताळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

तेरवी झाल्यावर वहिनीनं माळ्यावरचा कंदील खाली काढला आणि पदरानं काच पुसत बसली. "भाऊजी, मामंजी त दरवेळेस कंदील सोडत. यायनं नाही सोडला काय?"

"रॉकेल नव्हतं," मी म्हणालो. ते काही खोटं नव्हतं.

"देवघरात तेल होतं न. पणती सोडली असती तरी झालं असतं. पण जन्माचा आळस त्यायले!" ती रडायला लागली. "तुम्ही तरी आठवण द्यायची होती त्यायले."

आठवण त्यानंच दिली होती. हे जिभेवर आलं होतं, देवाशपथ आलं होतं. "चुकलंच," एवढंच म्हणालो, आणि तिनं तेही मोठ्या मनानं घेतलं.

अजूनही कुणी भेटायला आलं की ती सांगते, आळस नडला बाप्पा त्यायले, भाऊजी बिचारे वर उभे होते. मी तिथंच खुर्चीवर बसलेलो असतो. ती मला चहा आणून देते आणि मी तो पितो.