मामांची कात्री, माझी रपट

गावाची वेस दिसली की मामा सायकलवरून उतरायचे. मग ती वेस धड असो, पडकी असो, नाहीतर नुसते दोन दगड उरलेले असोत. पाय मागून टाकायचा, हँडल डाव्या हाताने धरायचं आणि गावाच्या पलीकडच्या टोकापर्यंत चालत जायचं. कोणी हसलं तर म्हणायचे, "गावातून बसून जायला मी काय नवरदेव हाय?"

त्या काळी देशमुखाच्या गढीपुढून कोणी घोड्यावर बसून जात नसे. गढी आली की पायातल्या वहाणा हातात घेणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत, त्यातला एक माझा बाप होता. आमच्या घरात अंगठ्याच्या पुढे गेलेला पहिला माणूस मी. हैदराबादेत उर्दूतून शिकून बी.ए. झालो होतो आणि त्या रीतीची मला मनापासून चीड होती. मामांचं उतरणंही मला त्यातलंच वाटलं. एकदा स्पष्ट विचारलं, "मामा, गढीला भिता काय?"

"गढीला कोण भितंय, मुन्शीजी? गढीत येक बी वेल न्हाई."

निजामाचं राज्य होतं. परभणीच्या सरकारी बागेच्या कचेरीत मी मुन्शी होतो आणि मामा, म्हणजे साऱ्या कचेरीचेच मामा, तिथले छाटणीवाले. जिंतूरच्या डोंगराकडे, विहिरीला पाणी असलेल्या काही शेतकऱ्यांनी दौलताबादेकडून काड्या आणून द्राक्षं लावली होती. पांगाऱ्याचे खुंट रोवायचे आणि त्यावर वेल चढवायचे. दसरा झाला की या वेलांची छाटणी करावी लागते. काडीवर फुगीर ठिपके असतात, त्यांना डोळे म्हणतात. कुठल्या काडीवर किती डोळे ठेवायचे, यात सगळी विद्या आहे, आणि ती आमच्या भागात मामांच्याच हातात होती. सरकारने त्यासाठी त्यांना सायकल दिली होती. हँडलला कापडात गुंडाळलेली कात्री आणि मागे कॅरिअरला एक पत्र्याचा डबा. डब्यात शेण आणि माती कालवलेली असायची, कापलेल्या जागी लावायला.

या डब्याची एक गोष्ट कचेरीत सगळे सांगत. एका चौकीवर शिपायाने मामांना अडवलं. "क्या है रे डब्बे में? घी है क्या?" मामा म्हणाले, "खोलून बघा, साब. वास घेऊन बघा." शिपायाने नाक पार आत घातलं. त्यानंतर त्या चौकीवर मामांना कधी कोणी थांबवलं नाही.

द्राक्षबाग पहिल्यांदा लावणाऱ्या माणसाचं काय होतं, हे तुम्ही पाहिलेलं नसेल. वर्षभर पोरासारखा जपलेला हिरवागार वेल, आणि हा माणूस येऊन त्याची नुसती लाकडं ठेवून जातो! बोरीच्या एका पाटलाने तर बाग मेली असं समजून सुतकच धरलं. दाढी वाढवली, पान खाणं सोडलं. दहाव्या दिवशी अंघोळीला बसला तोच गडी पळत आला, "पाटील, फुटवा आला!" पाटील तसाच ओल्या धोतराने बागेत धावला. मामा ही गोष्ट सांगताना हसत नसत. म्हणायचे, "त्यानं सुतक धरलं, पर वेल उपटला न्हाई. लय झालं."

पुढे हैदराबादहून नवे साहेब आले. मामांना दौऱ्याला फार दिवस लागतात, अशी कोणीतरी त्यांच्याकडे कागाळी केली होती. साहेबांनी हुकूम काढला. छाटणीवाल्याने परभणीहून पहाटे निघून दिवस मावळायच्या आत चारठाण्याला पोचावं आणि तिथल्या पाटलाची सही घ्यावी. न पोचल्यास सायकल काढून घ्यावी आणि माणसाला बागेत पाणी द्यायच्या कामावर लावावं. सोबत मुन्शीने जावं आणि काय झालं त्याची रपट लिहावी. म्हणजे मामांची सायकल राहणार की जाणार, हे माझ्या कागदावर ठरणार होतं. टपाल नेणाऱ्या चपराशाची सायकल मला मिळाली.

चाळीसेक मैलांची वाट. झरी मागे पडेपर्यंत सडक सपाट, दोन्ही बाजूंना काळं रान, ज्वारी कणसात आलेली, कापूस नुकता फुटायला लागलेला. मामा प्रत्येक गावात उतरत होते आणि मी मनात वेळ मोजत होतो. बोरीत माझा धीर सुटला. "मामा, आजच्या दिवस तरी बसून चला."

"तुमी कामून घाई करायलाव? बघा तर."

बघितलं, आणि पहिल्यांदाच मला त्यांचं उतरणं कळलं. मामा चालत निघाले की घराघरातून माणसं बाहेर येत. कोणाच्या हातात पिवळं पडलेलं पान, कोणाकडे लिंबाची वाळकी फांदी. एका आजीने पदराखालून पोखरलेलं वांगं काढलं. मामा चालता चालता सांगत, "राख टाका," "पाणी तोडा," "हे उपटून जाळा, माया करू नका." छाटणी हे सरकारी काम, आणि हे त्यांचं स्वतःचं. बसून गेलेल्या माणसाला कोण थांबवणार?

जिंतूरच्या अलीकडे चढ लागले. एक चढावा तर दुसरा समोर. माझं वय तेविसाचं, मामांचं पन्नाशीच्या पुढचं. प्रत्येक चढावर मामा पुढे आणि मी धापा टाकत मागे. वर उभे राहून म्हणायचे, "मुन्शीजी, हैदराबादेत चढ नव्हते जनू?" जिंतूर सोडलं तेव्हा माझी काळजी मिटली होती. वेळ हातात होता आणि माणूस दमलेला नव्हता.

चारठाणं दोन कोसांवर राहिलं असेल. सूर्य अजून दोन कासरे वर होता. सडकेवर एक शेतकरी उभा होता, मामांचीच वाट बघत. त्याच्या बागेत साठ-सत्तर वेल होते. "मामा, जरा बागंकडं चला. मोट मोकळी होती, म्हून चार दिसांमागं पाणी सोडलं. चुकलं का काय?"

चुकलंच होतं. छाटणीआधी बागेला पाणी द्यायचं नसतं. मामा वेलापाशी गेले, शेंडा दोन बोटांत धरला आणि खाली बसले.

"शेंड्याचे डोळे फुगलेत. हे फुटले की खालचे झोपून राहतेत. घड खालच्यावर असतो."

"मंग?" शेतकऱ्याचा चेहरा उतरला.

"मंग काय. कात्री लावायची. आत्ता."

मी मामांना बाजूला घेतलं. "आधी चारठाणं गाठू, सही घेऊ. सकाळी परत येऊ."

"सकाळी ऊन चढूस्तोवर हे फुटतेत. आन उद्या देवगाव फाट्याकडं दोन बागांना वायदा दिलाय."

"मामा, सायकल जाईल."

"कुठं जातीया? ही काय, बांधाला उभी हाय."

"हसू नका. खरंच जाईल."

ते खरंच हसले नाहीत. सायकलकडे एकदा बघितलं, मग वेलांच्या ओळींकडे. म्हणाले, "साहेबाला उद्या या म्हणता येतं. वेलाला न्हाई येत." आणि कात्रीचं कापड सोडायला लागले.

मी बांधावर बसून राहणार होतो. पण दोन ओळी झाल्या आणि मला दिसलं की हा माणूस एकटा पुरा पडणार नाही. मग मी डबा उचलला. मामा कापत पुढे गेले आणि बी.ए. झालेला मी शेणात बोटं बुडवून मागून कापलेल्या जागा लिंपत गेलो. शेवटच्या ओळीला आलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता.

रात्र तिथेच काढून चारठाण्याला आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. जुन्या हेमाडपंती देवळांवर कोवळं ऊन पडलं होतं. पाटलाने सही केली. मामांनी मला विचारलं, "रपटीत काय ल्हिणार?"

मी खोटं लिहीत नाही, हे मी तेव्हा छाती काढून सांगत असे. काल मावळतीआधी पोचले, असं लिहिलं असतं तर पाटलाने त्यावरही सही दिली असती. ते मला ठाऊक होतं. शेवटी मामाच म्हणाले, "झालं ते ल्हिवा. पर त्या बागेचं बी ल्हिवा."

बागेचं मी चार ओळींत लिहिलं. माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं चांगलं उर्दू त्यात घातलं. साहेबांनी पहिली ओळ वाचली. "वक़्त पर नहीं पहुँचा?" मी म्हणालो, "नहीं, लेकिन..." त्यांनी कागद उलटा ठेवला.

वेळेचा हिशेब ठेवणारा माणूस हवा, म्हणून मामांची सायकल मला मिळाली, आणि पुढच्या वर्षीचा छाटणीचा दौराही. वर्षभर मामा बागेत पाण्याची दारं धरत होते, आणि फावल्या वेळात मला कात्री धरायला शिकवत होते. निघायच्या दिवशी त्यांनी साखळीला तेल दिलं, हवा बघितली, मग पाना आणून खोगीर दोन बोटं वर केलं. "तुमचे पाय लांब हायत," म्हणाले. कुठल्या गावी कुठल्या ओळीचा वेल हट्टी आहे, ते सांगत फाटकापर्यंत चालत आले. मागे वळून बघायचा मला धीर झाला नाही.

चारठाण्याच्या अलीकडे तोच शेतकरी सडकेवर उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या रिकाम्या सडकेकडे.

"मामा न्हाई आले?"

साहेबाला मी सहज खरं सांगितलं होतं. या माणसाला सांगता येईना. तुझ्या बागेपायी त्यांची सायकल गेली, हे मराठीत कसं म्हणायचं?

"बरं नाही त्यांना," मी म्हणालो.

"मंग आराम करा म्हणावं. मागल्या वक्ती लय माल लागला, त्यांच्यासाठी ठिवलाय." तो शेतातल्या खोपीत गेला आणि फडक्यात बांधलेले मनुके घेऊन आला. बागेतलेच, पत्र्यावर वाळवलेले. ते मी हँडलला बांधले आणि कात्री काढली.

दौरा संपवून परभणीला आलो तर बागेत दुसराच माणूस पाणी देत होता. मामा नोकरी सोडून लेकीच्या गावी गेले, एवढंच त्याला माहीत होतं. गाव कुठलं, ते कचेरीतही कोणाला सांगता आलं नाही. मनुके बरेच दिवस माझ्या टेबलाच्या खणात होते. कोणी मागितले तरी मी दिले नाहीत, आणि स्वतः खाल्लेही नाहीत.