एकदाच विचारलेला पत्ता

वसाहतीच्या संकेतस्थळावरून नगरपालिकेला केलेल्या माझ्या तीन तक्रारी पोहोचल्याच नाहीत, म्हणून ते चालवणाऱ्या शेजारच्या मृदुलाला मी जुन्या वकिली सवयीने कायद्याच्या कलमांसह नोटीस लिहिली. ती हसतच घरी आली.

"काका, कोर्टात नंतर जाऊ. आपला सर्व्हर कित्येक महिने बंदच झालेला नाही. सुरू होताना त्यानं डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीला, नगरपालिकेच्या यंत्राचा पत्ता विचारला आणि तोच धरून बसला. ते यंत्र नव्या पत्त्यावर गेलं, पण यानं पुन्हा विचारलंच नाही."

"चूक कोणाची?"

"माझी. पत्ता किती वेळ लक्षात ठेवून मग पुन्हा विचारायचा, ती मुदत घालायची राहिली."

ती गेल्यावर माझा संताप टिकला नाही. वडिलांच्या आजारपणातल्या भांडणानंतर धाकट्या भावाला मी जुन्याच पत्त्यावर पत्रे पाठवीत राहिलो. 'येथे राहत नाहीत' असा शेरा घेऊन ती परत येत. शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पाठवले म्हणजे बजावणी झाली, असे मी स्वतःला बजावीत असे. सर्व्हर बिचारा अजाण होता. मला शेरा वाचता येत होता.

बहिणीला फोन करून भावाचा आताचा पत्ता विचारला.

"दादा, नऊ वर्षांनी?" ती म्हणाली.

कुठलेही कलम न शोधता मी कागद ओढला आणि ती सांगेल तसा पत्ता लिहून घेतला.