आमच्या दारावरून गेलेलं ताट

संगमनेरच्या एस.टी. स्टँडवर मला पोचवायला आई आणि आप्पा दोघेही आले होते. पहाटेची थंडी होती. कंडक्टरनेही मफलरमधून तोंड बाहेर काढलं नव्हतं. आईने चिवड्याचा डबा दिला. आप्पांनी पदरमोड करून छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा माझ्या ट्रंकेत साड्यांवर ठेवला आणि म्हणाले, "शाळेत शिकवशील ते पोटासाठी. हे वाटशील ते माणसांसाठी." गाडी हलली तेव्हा मला रडू आलं नाही. मी कामगिरीवर निघाले होते.

आप्पा शाळामास्तर. संध्याकाळी जातिभेदाविरुद्ध पत्रकं लिहीत. एका पंक्तीला बसा, एका माठातलं पाणी प्या. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. या कामात त्यांच्याबरोबर असणारी गावकुसाबाहेरची माणसं घरी येत, तेव्हा चहा ओसरीवर मिळे, कोनाड्यातल्या दोन वेगळ्या कपांत. कप आई ठेवायची. आप्पांना ते दिसत नसत. मला दिसत, पण मी विचारलं कधीच नाही.

अंधेरीच्या शाळेत नोकरी लागली आणि वेसाव्याला खोली मिळाली, मारीमावशींच्या घरात, माडीवर. मावशी इथल्याच जुन्या ख्रिस्ती. नेसायला लुगडं, बोलायला मराठी, रविवारी चर्च. पहिल्या दिवसापासून मी त्यांच्या स्वयंपाकघरात जेवते. घरी मात्र लिहिलं, "एका विधवा बाईंकडे राहते, बाई मायाळू आहेत." नाव लिहिलं नाही. पत्रं शाळेच्या पत्त्यावर मागवली. वर्गात पोरींना खरं बोला म्हणून सांगणारी मी दोन वर्षं हे करत होते.

मग आप्पांचं कार्ड आलं: नाताळच्या सुट्टीत दोघं हवापालटाला येतो.

आईला कळलं तर ती मला परत नेईल, आणि नेता नेता मारीमावशींचा अपमान करील, असं मला वाटलं. मी नवा माठ आणला, स्टोव्ह आणला, चार भांडी आणली. मावशींना सांगितलं, "त्यांचे नियम आहेत. तुमच्याकडचं काही वर पाठवू नका."

"तुजा बापूस तर जातपात मोडायची पत्रकं काढतो ना गो?"

"काढतात."

"मग मोडली नाय अजून? लई चिवट दिसते." त्या हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "बरं. नाय पाठवत."

आमच्या गावी या दिवसांत दारोदारी शेकोट्या पेटतात. वेसाव्याला दुपारी पाठीवरून घाम वाहतो. किनाऱ्यावरचे बंगले आठवडाभरासाठी भरतात. व्हरांड्यात कागदी चांदण्या, आत ग्रामोफोन, आणि दारूबंदीच्या राज्यात सोड्याच्या बाटल्यांतून येणारं कसलंसं सरबत. शेजारी कोळणी बोंबील वाळत घालतात आणि पाहुण्या बाया नाकाला रुमाल लावून तिथून जातात. त्यावर मी एक जळजळीत पत्रक लिहायला घेतलं होतं. ते पुरं झालं नाही, कारण मध्येच माठ आणायला जावं लागलं.

आई रजया घेऊन आली. "पौषात पंखा लागतो तुमच्याकडे?" म्हणाली. जिन्याखाली भिंतीवर मोठा क्रूस आहे. दोघांनी तो पाहिला.  वर आल्यावर आप्पांनी विचारलं, "हा नवा माठ कशाला?"

"तुमच्यासाठी."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग भांडं बुडवलं आणि प्यायले. माझा अंदाज बरोबर ठरला होता. इतकं बरोबर ठरायला मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी खाली कलकल हा नाताळचा गोड पदार्थ करायला बायका जमल्या. मैद्याची बारीक गोळी नव्या फणीवर दाबायची, अलगद गुंडाळायची आणि तळायची. शिंपल्यासारखा आकार येतो. आई जिन्यात उभी राहून बघत होती. "अगं, या तर आपल्या फणुल्या!" म्हणाली आणि पदर खोचून खाली जाऊन बसली. आमच्याकडे लग्नाच्या रुखवतात अशाच करतात. तीन तास ती बसली. मारीमावशी म्हणाल्या, "हात बघा कसा चालतो बाईचा, मशीनवानी." आई लाजली. घाणे निघत होते, बायका तोंडात टाकत होत्या. आईला कुणी एकही कलकल दिला नाही. मी सांगून ठेवलं होतं ना.

नाताळच्या सकाळी आप्पा व्हरांड्यात बसले होते. खालून ताटं निघाली. वर विणलेला पांढरा रुमाल, आत कलकल, करंज्यांसारख्या नेवऱ्या, केक. इथे ताट प्रत्येक दारी जातं. कोळ्यांच्या घरी, समोरच्या भंडाऱ्यांच्या घरी, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानातही. आमच्या जिन्याच्या दारावरून पावलं तीनदा गेली. आमच्या दाराशी थांबली नाहीत. आप्पा मोजत असावेत.

"आपल्याला का नाही?"

"मीच नको म्हटलंय."

"कुणासाठी?"

मी माठाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग म्हणाले, "मी त्या दिवशी त्यातलं पाणी का प्यायलो, ठाऊक आहे? सोपं होतं म्हणून. तू सोय करून ठेवली होतीस. तिकडे घरी तुझी आई ते वेगळे कप ठेवते." उठून त्यांनी कोट घातला, टोपी घातली, शाळेच्या तपासणीला निघाल्यासारखे. खाली जाऊन मारीमावशींच्या उंबऱ्याशी उभे राहिले.

"बाई, आमचं ताट राहिलं."

मावशींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दारात उभं राहून मागायला तुमी काय भिकारी हाय, मास्तर? आत या. बसा."

ते आत गेले. पाटावर बसले. पहिला कलकल उचलून त्यांनी तोंडात टाकला.  तेवढ्यात मागून आई आली आणि त्यांच्याशेजारी बसत म्हणाली, "मी परवापासून वाट बघतेय. वळून वळून बोटं दुखली, आणि चव कशी लागते ते ठाऊक नाही!" मावशी एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

यातून क्रांती झाली असं मी लिहिणार नाही. आप्पांनी गावी हे कुणाला सांगितलं नाही. समुद्राची हवा मानवली, एवढंच सांगितलं. मी त्यांच्यावर रागावले, आणि मग माझ्या लक्षात आलं की माठ विकत आणणारी मी होते. त्यांच्याकडे निदान जुनी सवय होती. माझ्याकडे नुसती भीती होती आणि तिला मी काळजी म्हणत होते.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, तुम्ही मला विचारता, आता घर कुठलं? संगमनेरला जाते तेव्हा थंडी तीच असते, शेकोटीभोवती गप्पा त्याच असतात. कुणीतरी विचारतंच, "राहतेस कुणाकडे?" मी मारीमावशींचं पूर्ण नाव सांगते. कुणी उठून जातं, कुणी राहतं. जे बसून राहतात तेवढं माझं गाव. आणि वेसाव्याला, खालच्या स्वयंपाकघरात, घर कुठलं हे मला कुणी विचारतच नाही.