पास्कूच्या रॉडवरचा लाल धागा

पास्कू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पवई तलावाच्या काठावर सतरा नंबरच्या जागेवर स्पर्धेला बसलो होतो. आमच्या स्पर्धेचा नियम असा, की चिठ्ठी उचलून एकदा जागा मिळाली की शेवटची घंटा होईपर्यंत ती सोडायची नाही. उठलात की बाद. फोन रेजिनाचा होता, पास्कूच्या बायकोचा. "दत्ताभाऊ, पास्कू गेला. चहा मागितला होता त्याने, मी घेऊन येईपर्यंत..." घंटेला चाळीस मिनिटं बाकी होती. मी "येतो" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि बसून राहिलो. वर्तमानपत्रात हे लिहायला लाज वाटते, पण ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याशी मी आयुष्यभर सरळ वागलो नाही, निदान आता तरी वागावं. माझ्या मनात पहिला विचार दुःखाचा नव्हता. 'जायला पण तुला स्पर्धेचाच दिवस सापडला का रे?' हा होता. पाण्यावरच्या फ्लोटकडे बघत मी चाळीस मिनिटं काढली. एकही मासा लागला नाही. बरं झालं. लागला असता तर मी तो ओढून काढला असता, वजनकाट्यावर चढवला असता आणि मग मारोळला गेलो असतो.

पास्कू म्हणजे पास्कल. मारोळच्या जुन्या गावठाणातला, पिढ्यान् पिढ्या तिथलाच. त्याच्या आजोबांची भातशेती जिथे होती तिथे आता काचेच्या इमारती आहेत. मी दिंडोशीचा, वडील गिरणीत, मूळ मालवणकडचे. साकीनाक्याच्या एका गाळ्यात आम्ही दोघे एकाच आठवड्यात कामाला लागलो, मी टर्नर, तो फिटर. माझा हात लेथवर बसलेला, केसभर इकडचं तिकडे झालं तरी मला झोप लागत नसे. पास्कू डोळ्यांनी माप घ्यायचा, अंगठा टेकवायचा आणि "बसतंय रे!" म्हणायचा. आणि बसायचंही! तेव्हापासूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली असावी. गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, पहिल्यांदा मला त्यानेच नेलं. सुट्टीच्या दिवशी पहाटे, सायकलच्या दांड्यावर बसवून. गळाला गाठ कशी मारायची, तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, किती सैल सोडायचा, फ्लोट नुसता थरथरला तर हात आवरायचा आणि सरळ आत गेला तरच झटका द्यायचा, सगळं त्याने शिकवलं. वर्षभरात मी त्याच्यापेक्षा चांगला झालो. असं मला वाटत होतं.

मग तलावाकाठच्या क्लबाच्या स्पर्धा मला कळल्या आणि मी बिघडलो. लोक विचारतात, शांतपणे मासे धरण्यात स्पर्धा कसली? त्यांना काय सांगायचं... गाळ्यात मला वीस वर्षं 'ए टर्नर' अशी हाक होती. इथे माइकवरून माझं पूर्ण नाव घेतलं जायचं, वडिलांच्या नावासकट. सकाळी डब्यात हात घालून चिठ्ठी उचलताना छातीत जे धडधडायचं ते माझ्या लग्नातही धडधडलं नव्हतं. शेजारच्याचा रॉड वाकला की आपल्या तोंडाला कोरड पडते, त्याचा मासा सुटला की आपण "अरेरे" म्हणतो आणि मनात पेढे वाटतो. ही मजा वाईट असेल, पण मजा आहे. आणि शेवटी काटा. काटा ओळख बघत नाही, किती किलो ते सांगतो आणि मोकळा होतो. मला तसा निकाल हवा असायचा. पास्कूला मी कितीदा म्हणालो, नाव दे. तो म्हणायचा, "मना काय करायचाय तो कप? रेजिना त्यात लोणचं पण घालायची नाही."

खरी गोष्ट अशी, की मी त्याच्यावर जळायचो. कप माझ्या घरात होते आणि माणसं त्याच्याभोवती. तो दर मंगळवारी जायचा, गाळा बंद झाल्यावर तर आठवड्यातून तीनदा. एका ठरलेल्या जांभळाखाली बसायचा, अर्धा वेळ गप्पा मारायचा, पाव वेळ डुलकी काढायचा आणि उरलेल्या वेळात मासे त्याच्याकडे यायचे. चालायला आलेले म्हातारे, वॉचमन, समोरच्या टॉवरमधल्या बायका, सगळ्यांना तो "या, बसा" म्हणायचा. मी बाजूला दात-ओठ खात बसलेला, कारण आवाजाने मासे पळतात असं माझं ठाम मत होतं. ते पळत नव्हते. मला संशय आला तो त्याच्या पिठाचा. गळाला लावायचं माझं पीठ म्हणजे प्रयोगशाळाच, भाजलेली पेंड, कोंडा, मेथी, वेलदोडा, सगळं तोलून घेतलेलं. त्याला विचारलं तर म्हणाला, "काल उरलेलं असेल ते." मला वाटलं, लपवतोय. एकदा त्याची पाठ वळल्यावर मी त्याच्या डब्यातला एक गोळा रुमालात बांधून घरी आणला आणि बायकोच्या नाकासमोर धरला. तिने वास घेतला आणि म्हणाली, "फुग्यांचं पीठ आहे. रेजिनाकडे सणाला तळतात ना, ते. आंबलंय. आणि तुम्ही चोरून आणलंत?" दुसऱ्या मंगळवारी मीही आंबलेलं पीठ घेऊन गेलो. माझ्या फ्लोटजवळ एक कासव आलं, बाकी कोणी नाही.

तरी एक दिवस माझा होता. वार्षिक स्पर्धेत मला कटला लागला, साडेचौदा किलोचा, लांबी एक्याण्णव सेंटिमीटर. हे आकडे मी झोपेतही सांगेन. पाऊण तास तो मला काठावर इकडून तिकडे नाचवत होता. स्पर्धकाला कोणी हात लावायचा नाही, म्हणून पास्कू दोरीपलीकडे उभा राहून नुसता ओरडत होता, "सोड, सोड, सैल सोड रे दत्त्या... आता घे!" मासा ओल्या गोणपाटावर आला आणि काटा आणेपर्यंत पास्कू दोरीखालून आत घुसला. आपला जुना रॉड त्याने माशाशेजारी आडवा ठेवला, बघितलं, आणि मला अशी मिठी मारली की माझा चष्मा पडला. "झकास रे, झकास!" मला तेव्हाही वाटलं, हा माझ्या फोटोत घुसतोय. त्या वजनाच्या पुढे कोणी गेलं नाही. क्लबाच्या खोलीत फळ्यावर सगळ्यात वर माझं नाव लागलं. अजून आहे.

आता तो मंगळवार. मागच्या थंडीतला. आम्ही दोघेच होतो, जलपर्णी वाऱ्याने पलीकडे गेली होती. बोलता बोलता पास्कूचा रॉड एवढा वाकला की मला वाटलं मगरच लागली. तो उठलाही नाही, बसल्या बसल्या गप्पा मारल्यासारखा दोरा देत-घेत राहिला, आणि अर्ध्या तासाने त्याने मासा जाळीत घेतला. कटलाच होता. डोकं एवढं, की माझा मासा त्याचा धाकटा भाऊ वाटला असता. पास्कूने त्याला ओल्या गवतावर ठेवलं, शेजारी रॉड आडवा धरला, रॉडवर अंगठा टेकवला आणि "अरे बापरे!" म्हणून वर माझ्याकडे बघितलं. मी तोंड फिरवलं आणि माझ्या फ्लोटकडे बघू लागलो. मला वाटलं, हा मला खिजवतोय. फोन माझ्या खिशात होता, त्याचा नेहमीप्रमाणे घरी. एक फोटो काढायला किती वेळ लागतो? मी काढला नाही. मागे पाण्याचा आवाज झाला. वळून बघितलं तर तो हात धुवत होता. "गेला," म्हणाला. "भारी होता ना?" मी म्हणालो, "होता बरा."

वॉचमनने लांबून बघितलं होतं, त्यामुळे रविवारपर्यंत क्लबात कुजबुज पोचली. चहाच्या टेबलावर सेक्रेटरीने सगळ्यांदेखत विचारलं, "दत्ताराम, तू होतास म्हणे तिथे. तुझ्यापेक्षा मोठा होता का रे?" पास्कू समोरच बसून बिस्किट बुडवत होता. मी म्हणालो, "छे! असेल आठ-नऊ किलो. पाण्यात सगळेच मोठे दिसतात." माझा आवाज मलाच परका वाटला. सगळे पास्कूकडे बघायला लागले. त्याने बिस्किट तोंडात टाकलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दत्त्या टर्नर आहे बाबा, त्याचं माप चुकायचं नाही." आणि हसला. मी ते हसणं महिनोन् महिने चघळत राहिलो. तो चिडला असता, भांडला असता, तर आम्ही बरोबरीत आलो असतो. पुढच्या मंगळवारी तो नेहमीसारखा जांभळाखाली माझ्यासाठी जागा धरून बसला होता.

पास्कू जाऊन महिना झाला तेव्हा त्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मी मारोळला गेलो. प्रार्थना झाल्यावर घरी जेवण होतं. रेजिनाने आतून तो जुना रॉड आणला आणि माझ्या हातात दिला. "तुम्हीच न्या, दत्ताभाऊ. आमच्याकडे कोण गरवणारं आहे?" मुठीपासून बरंच वर, मधल्या दांड्यावर, लाल धाग्याचे घट्ट वेढे होते, त्यावर नखांना लावायचं पॉलिश फासलेलं. तंगूस ओवायच्या कड्या बसवायला असे वेढे घालतात, म्हणून इतके मंगळवार मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं, पण इथे कडी नव्हती. मी विचारलं तर ती म्हणाली, "ते होय? तो तुमचा मासा. स्पर्धेवरनं आला आणि माझं पॉलिश घेऊन बसला. घरी येईल त्याला रॉड दाखवायचा. हा बघा, दत्त्याचा कटला एवढा." मी विचारलं, "आणि त्याचा? त्याचा धागा कुठाय?" ती म्हणाली, "त्याने कधी मोठा धरला काय? मला तर बोलला नाही."

घरी येऊन मी टेप काढली. माझं काही खरं नाही, मला मोजल्याशिवाय राहवत नाही. मुठीच्या टोकापासून धाग्यापर्यंत एक्याण्णव सेंटिमीटर. बरोबर, केसभरही इकडेतिकडे नाही. मग त्या मंगळवारचा तो अंगठा आठवला... तो स्वतःचा मासा मोजत नव्हता. माझ्या धाग्यावर बोट ठेवून बघत होता, आणि शेपटी पुढे गेली म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं होतं. माझ्या मनाला किती लागेल हे बघायला. मी तोंड फिरवलेलं त्याला दिसलं, आणि त्याने मासा पाण्यात सोडला. बायकोलाही सांगितलं नाही. खरं सांगू, मला रडू आलं त्याच्या आधी रागच आला. इथेही हाच पुढे! मी वीस कप जिंकून जे कमावलं नाही ते हा माणूस हात धुता धुता घेऊन गेला.

सेक्रेटरीला जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वजन झालं नाही ना? मग फळ्यावर कसं लावणार? राहू दे तुझंच." नियम बरोबर आहे. त्या नियमासाठीच मी जीव टाकत आलो.

रॉड आता आमच्या बाहेरच्या खोलीत, कपांच्या कपाटाला टेकून उभा आहे. परवा बायकोकडून पॉलिश मागितलं, लाल धागा आणला, चष्मा पुसला आणि त्याच्या माशाचा वेढा घालायला बसलो. धाग्याचं टोक दांड्यावर धरलं, अंगठ्याने वर सरकवलं... पंच्याण्णव? शंभर? त्याहून पुढे? हात तसाच राहिला. आयुष्यभर मी सगळं मोजलं. तो मासा माझ्यापासून चार पावलांवर होता, आणि त्याच्याकडे मी धड बघितलं नव्हतं.