झाकणावरचे निखारे

खाण्याच्या बाबतीत खोटं बोलणं मला कधी जड गेलं नाही. कुणाच्या घरी खीर करपलेली असली तरी मी वाटी पुसून संपवीन आणि वर कृतीही विचारीन. आईचं वळणच तसं होतं, वाढलेल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत. लंडनजवळ पिनरला राहत असताना याच वळणापायी मी एका भल्या माणसाला दुखावलं. त्याला आता इतकी वर्षं झाली, तरी भाजलेल्या मांसाचा वास आला की माझी मलाच लाज वाटते.

आम्ही पिनरला गेलो ते साठीचं दशक संपता संपता. हे हॉस्पिटलात डॉक्टर, मी दिवसभर घरी. आमचं आणि शेजारचं घर एकमेकांना चिकटलेलं, मागच्या दोन बागांच्या मध्ये कमरेएवढं लाकडी कुंपण. शेजारी एक साठीचे अमेरिकन गृहस्थ एकटे राहत. जवळच्या अमेरिकन हवाई दलाच्या तळावर ते मेकॅनिक होते. बायको तिथलीच, इंग्रज, ती वारली, पण ते परत गेले नाहीत. मूळचे लुइझियानाचे, पाणथळ मुलखातले. आमच्या घरात फ्रेंच बोलायचे, आम्ही केजन, म्हणजे तिथले जुने फ्रेंच, असं ते पहिल्याच भेटीत सांगून मोकळे झाले. मला त्यातलं काही कळलं नव्हतं, पण मी मान डोलावली. तीही सवयच.

पहिल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी त्यांनी शेडमधून एक पेटी ओढत बाहेर आणली. जाड फळ्यांची, आतून सगळीकडे पत्रा ठोकलेला. आत तारेच्या जाळीवर त्यांनी मसाला चोळलेला मांसाचा मोठा तुकडा ठेवला आणि वर काठ असलेलं लोखंडी झाकण घातलं. मग कोळसे पेटवून ते चक्क त्या झाकणावर पसरले. खाली विस्तव नाहीच. मी कपडे वाळत घालत होते, ती चिमटे हातात धरून बघतच राहिले. अलिबागला आमच्या घरी कोलंबीचं भानोलं असंच व्हायचं. पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवायचे, म्हणजे वरून खरपूस होतं. न राहवून मी कुंपणापाशी जाऊन त्यांना ते सांगितलं.

त्यांना इतका आनंद झाला की मी जरा दचकलेच. इंग्रज शेजारी त्या पेटीला हसायचे म्हणे. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं: झाकण मध्येच उघडायचं नाही, उघडलं की आतली धग गेली. घाई करायची नाही, पाच तास, सहा तास, खुर्ची टाकून बसायचं आणि निखारे विझत आले की नवे घालायचे. तुमचं भानोलंही एकदा माझ्या पेटीत होऊन जाऊ दे, असंही म्हणाले. मी हसून वेळ मारून नेली, कारण तोवर मी विचारलं होतं की आत काय आहे, आणि ते डुकराचं आहे हे मला कळलं होतं.

आमच्याकडे मासे, कोंबडी, मटण सगळं चालतं. डुक्कर मात्र नाही. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. संध्याकाळी ते कुंपणावरून ताटली घेऊन आले, कडेला सालीचा कुरकुरीत पापुद्रा, तो म्हणे सगळ्यात चांगला भाग, खास आमच्यासाठी काढलेला. मी दोन्ही हातांनी ताटली घेतली आणि थँक यू म्हटलं. आत जाऊन ते सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि मागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, कसं लागलं? मी म्हटलं, फार मऊ झालं होतं.

आलेली ताटली रिकामी परत करायची नाही, हेही आईचंच. मी शंकरपाळी घालून पाठवली. पुढच्या वेळी बटाटेवडे, मग ओल्या खोबऱ्याच्या करंज्या. ते माझं सगळं आवडीनं खायचे, गोडाचं असेल तर कशाचं आहे ते विचारायचे. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी एका रविवारी दिवसभर त्या पेटीपाशी बसून आमचा वाटा करायचे. तो मी कचऱ्यात टाकायचे. असे दोन उन्हाळे गेले.

हे मला म्हणायचे, "अगं, सांगून टाक ना त्यांना. ही वोन्ट माइंड."

"आता कसं सांगू? दोन वर्षं मी फार छान झालंय म्हणतेय."

"मग काय जन्मभर बिनमध्ये टाकत बसणार?"

खरं तर माझं तसंच चाललं होतं आणि मला त्यात फारसं काही वाटेनासं झालं होतं. हे कबूल करताना आज जीभ अडखळते.

तिसऱ्या उन्हाळ्यात एका सोमवारी सकाळी मी मागचं दार उघडलं तर आमचा डबा आडवा पडलेला. कोल्ह्यांचा उपद्रव तिकडे होताच. कचरा दोन्ही बागांत पसरला होता. शेजारी कुंपणापलीकडे वाकून काहीतरी उचलत होते. त्यांच्या हातात आदल्या दिवशीचं त्यांनी दिलेलं मांस होतं, अर्धं कुरतडलेलं, आणि त्याला चिकटलेला कागद. भाऊ मुंबईहून बोटीच्या टपालानं मराठी वर्तमानपत्रांचे गठ्ठे पाठवायचा. वाचून झाले की मी ते असेच वापरायचे. त्या सबंध रस्त्यावर ती अक्षरं आणखी कुणाच्या घरी नव्हती, आणि माझी शंकरपाळीही ताटलीवर तसलाच कागद झाकून त्यांच्याकडे गेलेली होती.

तरी मी म्हणाले की आमच्या फ्रिजमध्ये बिघाड झाला, म्हणून टाकावं लागलं. इतकी मी निर्लज्ज.

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही हे खात नाही," ते म्हणाले. "सांगायचं होतंत. मी कोंबडी टाकली असती."

एवढं बोलून त्यांनी आमच्याही बागेतला कचरा हाताच्या अंतरावर होता तेवढा गोळा करून दिला आणि ते आत गेले. मला माफी मागायची होती. संध्याकाळी मागू, उद्या मागू, काहीतरी करून घेऊन जाऊ, असं करता करता आठवडा गेला. मग मी ते बागेत नाहीत असं बघूनच कपडे वाळत घालायला लागले.

ऑगस्ट संपताना एका रविवारी त्यांनी पुन्हा पेटी बाहेर काढली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. दुपारपासून लसणाचा आणि मिरीचा वास येत होता. एरवी पेटीपाशी एकच खुर्ची असायची, त्या दिवशी तीन होत्या. मधल्या टेबलावर चादर घातली होती. कुणी पाहुणे येणार असतील, मी म्हटलं. हे म्हणाले, जाऊन तरी ये, दोन शब्द बोल. मी म्हटलं, "त्यांनी बोलावलं नाही. बोलावल्याशिवाय कुणाच्या जेवणाच्या वेळी कसं जायचं?"

"अगं, शेजारी आहेत ते. जस्ट गो."

गेले नाही. आमच्यात जेवायला बोलवायचं म्हणजे दारात येऊन तोंडानं बोलवतात, आग्रह करतात, पुन्हा आठवण करतात. माझा मान तिथेच अडकून बसला होता, आणि चूक माझी होती हे मला तेव्हाही माहीत होतं. पाहुणे आले नाहीत. ऊन उतरल्यावर त्यांनी झाकण काढलं, सगळं ताटात घेऊन ते आत गेले. खुर्च्या तशाच राहिल्या, त्यांनी त्या दुसऱ्या दिवशी उचलल्या.

पुढच्या वसंतात घरासमोर घर विकायचं असल्याची पाटी लागली. ते लुइझियानाला बहिणीकडे निघाले होते. निरोप घ्यायला आमच्या पुढच्या दाराशी आले, कोट घालून, टोपी हातात. मी त्यांना आत बोलावलं, चहा केला. त्यांनी घेतला. अवघडलेपण जाईना म्हणून मी उगीच विचारलं, मागे त्या रविवारी तुमच्याकडे कोण येणार होतं?

"तुम्ही दोघं," ते म्हणाले. "कोंबडी होती. नवा पत्रा ठोकला होता पेटीला, जुन्याचा वास राहायला नको म्हणून. तुम्ही खिडकीत उभ्या होतात, मला दिसत होतं."

मी म्हटलं, तुम्ही हाक मारली नाहीत.

"मला वाटलं, आता माझ्या हातचं तुम्हाला काहीच नको."

तसं नव्हतं, असं मी म्हणाले. ते म्हणाले, ठीक आहे, आणि कप बशीत ठेवून उठले. ह्यांनी त्यांना स्टेशनपर्यंत सोडलं. मी दारातच उभी राहिले. तीन वर्षं तो माणूस आमच्यासाठी उन्हात बसून रांधत होता, आणि त्याच्या हातचा एक घास मी कधी तोंडात घातला नाही.